मीटरवर ५० ओहम का दिसत नाहीत : ट्रान्समिशन लाईन किटच्या नोंदी

१७ जून

पॉलिटेक्निकच्या लॅबसाठी ट्रान्समिशन लाईन (सिग्नल वाहून नेणारी केबल किंवा तारांची जोडी) हाताने करून शिकता येईल असं किट बनवायला घेतलंय. नोंदी टाकत जाते, व्हॅल्यूज सकट, म्हणजे कोणाला आपल्या कॉलेजात करायचं असेल तर सरळ उचलता येईल.

सगळ्याचं मूळ एका प्रश्नात आहे. दर बॅचला कोणीतरी आरजी-५८ या कोअॅक्स केबलच्या तुकड्याला मल्टीमीटर लावतं आणि विचारतं, "मॅडम, केबल ५० ओहमची आहे म्हणता आणि मीटर तर ओपन दाखवतोय." इतका चांगला प्रश्न अख्ख्या सिलॅबसमध्ये दुसरा नाही, आणि आपण उत्तर काय देतो तर फळ्यावर एल (इंडक्टन्स) बाय सी (कपॅसिटन्स) चं वर्गमूळ. पोरं ते लिहून घेतात, पेपरात उतरवतात, मार्कही पडतात, पण वेव्ह लाईनवरून जाते, टोकाला पोचते, परत येते हे त्यांनी कधी डोळ्यांनी बघितलेलंच नसतं. लॅबमध्ये क्लायस्ट्रॉनचा एक्स-बँड (मायक्रोवेव्ह) बेंच आहे, स्लॉटेड सेक्शनवर प्रोब सरकवून मॅक्सिमा-मिनिमाची रीडिंग घेतात, जर्नल पूर्ण होतं. पण ९-१० गिगाहर्ट्झला हाती लागतं ते फक्त थांबलेलं पॅटर्न, जाणं-येणं त्यात दिसतच नाही.

म्हणून ठरवलंय की तीन वेगांची तीन यंत्रं करायची. पहिल्यात वेव्ह सेकंदांत जाईल, दुसऱ्यात मायक्रोसेकंदांत, आणि तिसरं खऱ्या केबलवर नॅनोसेकंदांत. गणित तिन्हीकडे तेच. क्रम बदलायचा नाही, कारण नॅनोसेकंदाचा ट्रेस ज्याने आधी सावकाश वेव्ह बघितलीय त्यालाच वाचता येतो असं माझं ठाम मत आहे.

२३ जून

सेकंदवालं यंत्र झालं. बेल लॅब्जच्या जॉन शाइव्ह यांचं आडव्या दांड्यांचं वेव्ह मशीन प्रसिद्ध आहे, पण तसं विकत घ्यायचं तर वर्षाचं बजेट त्यातच जाईल. आम्ही खराट्याचे हीर घेतले, ४० सेंटीमीटरचे कापून. दोन बाकांच्या मध्ये रुंद कापडी टेप ताणून बांधली, दर ५ सेंटीमीटरला एक हीर आडवा चिकटवला, वरून दुसरी टेप दाबली आणि प्रत्येक हिराच्या दोन्ही टोकांना एम-सीलच्या सारख्या वजनाच्या गोळ्या. लॅबमधल्या मामांनी सगळ्या गोळ्या वजनकाट्यावर तोलून केल्या, आणि ते फार महत्त्वाचं आहे, कारण मध्येच एखादी गोळी जड असेल तर तिथूनच छोटं रिफ्लेक्शन येतं. लांबी ३ मीटर.

एका टोकाचा हीर खाली दाबून सोडला की वळसा सावकाश पलीकडे चालत जातो, अगदी नजरेने पाठलाग करता येतो. टोक मोकळं ठेवलं तर त्याच बाजूने परत येतो आणि शेवटचा हीर जाताना जवळजवळ दुप्पट झुलतो. टोक क्लॅम्पमध्ये धरलं तर उलटा होऊन परत येतो. ओपन आणि शॉर्ट, दोन्ही पाच मिनिटांत.

मग अर्ध्या लाईनवर २० सेंटीमीटरचे हीर लावले, गोळ्या त्याच. वजन मध्यापासून निम्म्या अंतरावर आलं की इनर्शिया चौथाई होतो आणि इम्पीडन्स (लाईनचा वेव्हला होणारा विरोध, केबलचे ५० ओहम म्हणजे हाच) त्याच्या वर्गमुळाने म्हणजे निम्मा. जोडावर पोचलं की बरंचसं पुढे जातं, साधारण एक तृतीयांश मागे येतं. इथे एक गोष्ट जपून सांगावी लागते, हिराचा कोन म्हणजे व्होल्टेज धरलं तर हलकी बाजू ही जास्त ओहमची बाजू होते. हे पहिल्यांदाच स्पष्ट केलं नाही तर पुढे चिन्हांचा सगळा घोळ होतो.

आजचा सगळ्यात कामाचा भाग टर्मिनेशनचा, म्हणजे लाईनच्या टोकाला काय लावायचं याचा. शेवटच्या हिराला प्लास्टिकचं पातं लावलं आणि खाली पाण्याचा ट्रे. पातं थोडंच बुडालं तर वळसा सरळ परत येतो, फार बुडालं तर उलटा परत येतो, आणि मध्ये एक खोली अशी सापडते की येणारं सगळं पाणी खाऊन टाकतं, मागे काहीच येत नाही. ट्रेखाली पुस्तकं सरकवून पोरांनी ती खोली स्वतः शोधली. आणि मग एका मुलीने जे म्हटलं ते मी फळ्यावर लिहून ठेवलं: "मॅडम, म्हणजे लाईनला वाटतंय की पुढे अजून लाईनच आहे."

५ जुलै

मायक्रोसेकंदवाली लाईन. तपकीर गल्लीतून १०० मायक्रोहेन्रीचे कलर कोडवाले इंडक्टर आणि १० नॅनोफॅरडचे पॉलिएस्टर कपॅसिटर आणले, १०३जे छापलेले. साधे सिरॅमिक घेऊ नका, व्हॅल्यू फार इकडेतिकडे असते. २४ सेक्शन (एक इंडक्टर आणि एक कपॅसिटर मिळून एक), लांब झिरो बोर्डवर, प्रत्येक जोडावर एक बर्ग पिन प्रोब लावायला.

हिशोब मुद्दाम सोपा ठेवलाय. एल भागिले सी चं वर्गमूळ १०० ओहम, एल गुणिले सी चं वर्गमूळ १ मायक्रोसेकंद. म्हणजे पल्स दर सेक्शनला १ मायक्रोसेकंद घेते, २४ मध्ये टोकाला, ४८ ला परत. हे कुठल्याही जुन्या २० मेगाहर्ट्झच्या सीआरओवर (ऑसिलोस्कोप, पुढे नुसता स्कोप) स्वच्छ दिसतं, आणि बहुतेक कॉलेजांत तेवढाच सीआरओ असतो म्हणूनच हे यंत्र मला तिन्हींत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हेविसाइड यांनी १८८० च्या दशकात केबलचं गणित असंच मांडलं, लाईनचे बारीक बारीक तुकडे करून प्रत्येकात थोडा एल, थोडा सी, आणि जोडीला वायरचा रेझिस्टन्स आणि इन्सुलेशनमधली गळती. फळ्यावर काढतो ती शिडी इथे हातात येते, आणि प्रोब एकेक पिन पुढे सरकवला की पल्स स्क्रीनवर एकेक मायक्रोसेकंद उजवीकडे सरकते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. शेजारशेजारचे इंडक्टर एकमेकांत कपल होतात, म्हणून एक आडवा एक उभा असे लावले. आणि इंडक्टरना रेझिस्टन्स असतो, आमच्या पूर्ण लाईनचा मिळून ३५ ओहमच्या आसपास भरला, त्यामुळे ओपन टोकावरून परत येणारी पल्स ७० टक्केच उरते. मी ते काढून टाकायचा प्रयत्न करणार नाही, लॉसी लाईन शिकवायला आयतंच मिळालंय.

१२ जुलै

शिडीवर स्टँडिंग वेव्ह, म्हणजे जाणारी आणि परतणारी वेव्ह मिळून होणारं थांबलेलं पॅटर्न. प्रत्येक पिनवर १एन४१४८ डायोड, १० नॅनोफॅरड, मग बीसी५४७ चा एमिटर फॉलोअर आणि त्यावर एलईडी. डायोड गाळू नका, निगेटिव्ह अर्ध्या सायकलमध्ये बीसी५४७ च्या बेस-एमिटरवर ६ व्होल्टच्या वर उलटं जाता कामा नये.

फंक्शन जनरेटरला सिरीजमध्ये ५१ ओहम लावून सोर्स १०० च्या जवळ आणला आणि ५० किलोहर्ट्झ दिले, म्हणजे एक वेव्हलेंग्थ २० सेक्शनची. टोक ओपन असताना २४ वा एलईडी प्रखर, १९ वा विझलेला, १४ वा प्रखर, ९ वा जवळजवळ विझलेला. टोक शॉर्ट केलं की अख्खं पॅटर्न ५ सेक्शन सरकतं, म्हणजे पाव वेव्हलेंग्थ. १०० ओहम लावले की उतरत्या उजेडाची सलग रांग. लॅबचे दिवे बंद करून केलं, पोरं हलेनात तिथून.

मग फ्रिक्वेन्सी हळूहळू वाढवत नेली. २०० किलोहर्ट्झला वेव्ह हिशोबापेक्षा साधारण ८ टक्के हळू चालते, आणि ३१८ च्या वर लाईन बंदच, पहिल्या दोन-तीन एलईडींच्या पुढे काही नाही. खऱ्या केबलमध्ये ही मर्यादा का नसते, तर तिथे सेक्शन म्हणून काही तुकडेच नाहीत, हे पोरांनी स्वतः सांगितलं.

२६ जुलै

आता खरी केबल. ७४एसी१४ या आयसीमध्ये सहा इन्व्हर्टर असतात, एक ऑसिलेटरला वापरला, १० किलोओहम आणि १ नॅनोफॅरड, उरलेले पाच पॅरलल आणि प्रत्येकाच्या आउटपुटला २२० ओहम. पाच मिळून ४४ आणि आयसीचा स्वतःचा थोडा रेझिस्टन्स, म्हणजे ५० च्या जवळ. १४ आणि ७ नंबरच्या पिनांना अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरड लावायचाच, नाहीतर एज वळवळते. पुढे बीएनसीचा टी, टी च्या एका बाजूला स्कोप, दुसरीकडे केबल.

टी कनेक्टर आणि ५० ओहमचे टर्मिनेटर स्टोअरच्या भंगारात मिळाले, कोअॅक्सवरचं जुनं इथरनेट होतं तेव्हाचे. तुमच्याही स्टोअरमध्ये नक्की असतील, फेकू देऊ नका. दोन टर्मिनेटर टी वर लावले की आयता २५ ओहम लोड तयार.

२० मीटर आरजी-५८. या केबलमध्ये मीटरला साधारण १०० पिकोफॅरड आणि २५० नॅनोहेन्री असतात, त्यावरून ५० ओहम आणि मीटरला ५ नॅनोसेकंद. स्टेप (व्होल्टेजची एकदम उडी) सोडली की स्कोपवर आधी २.५ व्होल्ट दिसतात आणि बरोबर २०० नॅनोसेकंदांनी पुढची बातमी येते. ओपन असेल तर ५ वर चढतं, शॉर्ट असेल तर शून्यावर, २५ ओहमला १.६७, १०० ओहमला ३.३३, आणि टर्मिनेटर लावला की २.५ ची सरळ रेघ. पोरांना हे आकडे आधी काढायला लावले आणि मग लोड जोडायला दिला.

टोकाला १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला तर वेव्हला आधी शॉर्ट दिसतो आणि मग ५० नॅनोसेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटने वळत तो ओपन होतो. कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्ट असतो हे वाक्य पहिल्या वर्षापासून पाठ होतं, ते आज दिसलं.

आमचा स्कोप १०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे एज ३.५ नॅनोसेकंदांपेक्षा तीक्ष्ण दिसणार नाही, त्यामुळे ३५ सेंटीमीटरपेक्षा जवळचे दोन दोष वेगळे ओळखता येत नाहीत. स्कोप घेताना हा हिशोब करून घ्या.

२ ऑगस्ट

मीटरच्या प्रश्नाला आज उत्तर मिळालं.

केबलच्या टोकाला २०० ओहमचा कार्बन प्रीसेट लावला. वायरवाउंड नको, त्याला स्वतःचा इंडक्टन्स असतो. स्कोपकडे बघत स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा, २०० नॅनोसेकंदांनंतरची पायरी वर असेल तर कमी करायचं, खाली असेल तर वाढवायचं, पायरी पूर्ण सपाट झाली की थांबायचं. मग प्रीसेट काढून मल्टीमीटरवर मोजायचा. प्रत्येक गटाचं रीडिंग ४९ ते ५२ च्या मधे आलं. पाण्याच्या ट्रेखाली पुस्तकं सरकवून केलं होतं तेच हे, आणि ते मला सांगावं लागलं नाही.

आणि थेट केबलला मीटर लावला तर का नाही दिसत? कारण पहिले २०० नॅनोसेकंद केबल खरोखरच ५० ओहम असते, सोर्सला पलीकडे काय जोडलंय याचा पत्ताच नसतो, तो ५० ओहमच्या हिशोबाने करंट देतो. मीटर आकडा दाखवेपर्यंत वेव्ह असंख्य वेळा जाऊन येऊन सगळं स्थिर झालेलं असतं आणि उरतो तो टोकाचा ओपन. मीटरला रीडिंगसाठी ०.३ सेकंद लागतात असं धरा. तेवढ्यात वेव्ह परत यायला नको असेल तर केबल ३०,००० किलोमीटरच्या वर हवी, आणि तीही लॉस नसलेली. हा आकडा पोरांनीच काढला आणि मग बराच वेळ वर्गात कोणी काही बोलेना. मला वाटतं हे एकच प्रॅक्टिकल करायची परवानगी असती तर मी हेच केलं असतं.

१४ ऑगस्ट

स्टब, म्हणजे लाईनला बाजूने जोडलेला केबलचा तुकडा. ओपन स्टबची लांबी पाव वेव्हलेंग्थ असेल तर दुसऱ्या टोकाला तो शॉर्टसारखा वागतो, हे वाचून कोणाचाच विश्वास बसत नाही. आरजी-५८ मध्ये वेग प्रकाशाच्या ०.६६ पट, त्यावरून १०१ मेगाहर्ट्झसाठी ४९ सेंटीमीटर. १०१ म्हणजे पुण्याचं विविध भारती. गच्चीवरच्या अँटेनाची केबल टी मधून आरटीएल-एसडीआर ला (लॅपटॉपला लागणारा यूएसबी रेडिओ रिसीव्हर) दिली, लॅपटॉपवर गाणं लागलेलं, आणि टी च्या मोकळ्या तोंडाला ४९ सेंटीमीटरचा तुकडा लावला, ज्याचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नाही. गाणं गेलं. काढला, परत आलं. त्याच तुकड्याच्या टोकाला शॉर्ट केलं तर स्टेशन जागच्या जागी, काही फरक नाही.

नॉच (स्टबमुळे दबणारा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) मात्र वाटतो तितका अरुंद नसतो. हिशोब केला तर ९८.३ वर पण २१ डीबीच्या आसपास घट येते आणि ९१.१ वर १० च्या वर, म्हणजे सगळा एफएम बँडच दबतो, फक्त १०१ सगळ्यात जास्त. एसडीआरच्या स्क्रीनवर हे सगळं एकाच वेळी दिसतं म्हणून साध्या रेडिओपेक्षा तो घ्या, शिवाय साध्या रेडिओत सिग्नल बॉडीतूनही शिरतो. मग पोरांनी कात्रीने १ सेंटीमीटर कापला, नॉच १०३ वर गेला.

२८ ऑगस्ट

स्मिथ चार्ट (इम्पीडन्सचे हिशोब करायचा वर्तुळाकार आलेख) आठ बाय आठ फुटांच्या फ्लेक्सवर छापून आणला. फ्लेक्सवाल्याकडे वाढदिवसाच्या बॅनरांच्या रांगेत आमचा चार्ट, दादांनी विचारलं हे कसलं यंत्र आहे, त्यांना चहा होईपर्यंत समजावून सांगितलं आणि त्यांनी रेघा तुटक येऊ नयेत म्हणून फाइल स्वतःहून परत नीट करून घेतली. बेल लॅब्जच्या फिलिप स्मिथ यांनी हा चार्ट जानेवारी १९३९ मध्ये छापला, त्याच्या आधी १९३७ ला जपानमध्ये मिझुहाशी यांनी असाच मांडला होता. कॅल्क्युलेटर नव्हते तेव्हाची गरज, पण आजही नॅनोव्हीएनए (इम्पीडन्स मोजायचं छोटं यंत्र) च्या स्क्रीनवर तोच येतो.

फ्लेक्स जमिनीवर अंथरला. नियम एकच, जनरेटरकडे जायचं तर घड्याळाच्या दिशेने चालायचं आणि पूर्ण फेरी म्हणजे अर्धी वेव्हलेंग्थ. १०० ओहमचा लोड म्हणजे, ५० ने भागून, २ वर उभं राहायचं. अर्धी फेरी चाललं की ०.५ वर, म्हणजे २५ ओहम, पाव वेव्हलेंग्थचा ट्रान्सफॉर्मर पायाखाली. मग अॅडमिटन्स (इम्पीडन्सचा व्यस्त) करून ०.५ पासून निघायचं आणि १ च्या वर्तुळावर पोचेपर्यंत चालायचं. ०.१५२ वेव्हलेंग्थ चाललं की १ अधिक जे ०.७०७ येतं (जे म्हणजे काल्पनिक भाग). आता उणे जे ०.७०७ देणारा शॉर्ट स्टब हवा, आणि त्याचीही लांबी ०.१५२ च निघते. या उदाहरणात दोन्ही लांबी सारख्याच येतात म्हणून मी १०० ओहम निवडला, कापायला एकच माप.

१०० मेगाहर्ट्झला ते माप ३० सेंटीमीटर. दोन तुकडे, एक टी, टोकाला १०० ओहम. नॅनोव्हीएनए आधी ओपन, शॉर्ट, लोड लावून कॅलिब्रेट केला, स्टब नसताना एसडब्ल्यूआर (स्टँडिंग वेव्हचं प्रमाण, १ म्हणजे काहीच परत येत नाही) २, स्टब लावल्यावर १.१. टी ची स्वतःची लांबी धरली असती तर आणखी खाली आला असता, पण जे जमिनीवर चालून काढलं ते यंत्राने मान्य केलं यातच सगळं आलं. नुसती १ मीटर ओपन केबल लावली तर दर १०० मेगाहर्ट्झला ट्रेस एक फेरी घेतो आणि प्रत्येक फेरीला जरासा आत सरकतो, तो लॉस.

७ सप्टेंबर

लेखर वायर्स थोडक्यात, म्हणजे दोन समांतर तारांवर वेव्हलेंग्थ मोजणं. अर्न्स्ट लेखर यांची १८८८ च्या सुमाराची पद्धत. २ मिलिमीटर जाडीच्या दोन तांब्याच्या तारा २० मिलिमीटर अंतरावर ताणल्या, इम्पीडन्स ३६० च्या आसपास. ४३५ मेगाहर्ट्झवर हँडहेल्ड वायरलेस सेट, लो पॉवरवर, मध्ये ६ डीबीचा अटेन्युएटर, म्हणजे सेटला मिसमॅचचा त्रास नाही. जर्मेनियम डायोड आणि मायक्रोअॅमीटरचा प्रोब प्लास्टिकच्या काठीवर बांधून सरकवला, हात जवळ नेला की रीडिंग बिघडतं. मिनिमांमधलं अंतर ३४.३ सेंटीमीटर, त्यावरून प्रकाशाचा वेग २.९८ गुणिले १० चा आठवा घात. फूटपट्टीने! हॅम (हौशी रेडिओ) लायसन्सवाला माणूस हजर असल्याशिवाय मात्र हे करू नका, इथे मी स्वतः लायसन्सवर ट्रान्समिट केलं.

१९ सप्टेंबर

सीसीटीव्हीचा एक कॅमेरा पावसापासून बंद होता. थर्ड इयरची पोरं म्हणाली आम्ही बघतो. तिथली केबल ७५ ओहमची, म्हणून त्यांनी बोर्डावरचे २२० काढून पाचही ठिकाणी ३६० बसवले. वेग माहीत नव्हता तर त्याच केबलचा उरलेला १० मीटरचा तुकडा मोजला, जाऊन-येऊन ८२ नॅनोसेकंद, म्हणजे फोम इन्सुलेशन, वेग ०.८१. मग डीव्हीआरकडून (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) लाईनवर स्टेप सोडली, कॅमेऱ्याकडचं टोक मोकळं करून. २६५ नॅनोसेकंदांवर खाली खोल खड्डा, म्हणजे ३२ मीटर, आणि कपॅसिटिव्ह दिसतोय म्हणजे पाणी, हे त्यांनी ट्रेस बघूनच म्हटलं.

टेप घेऊन केबलच्या बाजूने निघाले, जिन्यातली चढण आणि वळणं धरत. गच्चीच्या दाराशी पट्टीच्या आत पिळून टेप गुंडाळलेला जोड सापडला, काढला तर आतली जाळी हिरवी पडलेली. तेवढा भाग कापून बीएनसी क्रिंप केले, वरून हीटश्रिंक. परत मोजलं, रेघ सपाट, ३३६ नॅनोसेकंदांवर ओपन, म्हणजे ४१ मीटर. कॅमेरा लावला, चित्र आलं. ३६० वाला बोर्ड आता वेगळाच ठेवलाय, हॉस्टेलच्या दोन लाईन राहिल्यात, त्या पुढच्या आठवड्यात.